काम गेले, पण गोळी सोडू नका

या पानावर एरवी डेंग्यू, रक्ताची कमतरता, लहान मुलांच्या लसी असे विषय असतात. या वेळी विषय कारखान्याचा आहे. चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड या पट्ट्यांत आपल्या वस्त्यांमधली हजारो माणसे गाड्यांचे सुटे भाग बनवतात. कोणी प्रेस शॉपमध्ये, कोणी फोर्जिंगला, कोणी सीएनसीवर, कोणी नुसते पॅकिंगला. २०१९ च्या उन्हाळ्यापासून त्यांच्यातले कितीतरी जण घरी बसले. काम सुटले की पगार थांबतो हे सगळ्यांना दिसते. त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत शरीरात काय काय सुरू होते, ते मात्र दवाखान्यात फार उशिरा कळते.

हे कशाने झाले, ते आधी थोडक्यात पाहू. २०१९ च्या जुलै महिन्यात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घसरली. जवळजवळ १९ वर्षांत इतकी घसरण झाली नव्हती. याला कारणे बरीच आहेत. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कर्जाचे हप्ते फेडू शकली नाही. तेव्हापासून गाडीसाठी कर्ज देणाऱ्या खासगी वित्त कंपन्यांनी हात आखडता घेतला. त्याच महिन्यापासून नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा आणि दुचाकीचा पाच वर्षांचा भरावा लागू लागला. त्याआधी ट्रकला जास्त वजन न्यायची परवानगी मिळाली होती, त्यामुळे नवे ट्रक कमी लागू लागले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्याच गाड्या विकता येणार होत्या म्हणून गिऱ्हाईकही थांबून राहिले. मारुतीने ७ आणि ९ सप्टेंबर २०१९ ला गुरुग्राम आणि मानेसरचे कारखाने बंद ठेवले. मोठी कंपनी दोन दिवस बंद राहते तेव्हा तिला माल देणाऱ्या लहान कारखान्याची पुढची ऑर्डरच गळते. सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना अ‍ॅक्मा हिनेच जुलैत सांगितले की मंदी अशीच राहिली तर या धंद्यातल्या १० लाख नोकऱ्या धोक्यात आहेत.

या सगळ्यात मशीनवर उभ्या असलेल्या माणसाचा दोष कुठे आहे? कुठेच नाही. तरीही घरी बसलेला माणूस मान खाली घालून वागतो. काही जण घरच्यांना सांगतच नाहीत. रोजच्या वेळेला डबा घेऊन निघतात, दिवसभर कुठल्या बागेत नाहीतर स्टेशनवर बसतात आणि संध्याकाळी परत येतात. या लपवण्यातूनच आजार वाढतो.

कमी करताना पहिला नंबर कोणाचा लागतो, हे वस्तीत विचारायची गरज नाही. सात महिन्यांचा ब्रेक घेणारा टेम्पररी, काँट्रॅक्टरचा माणूस, आणि ज्याला कामगार न म्हणता ‘नीम ट्रेनी’ म्हणत तो. त्याला हातात पत्र मिळत नाही. सुपरवायझरचा फोन येतो, ‘उद्यापासून येऊ नको, लागलं तर बोलावतो.’ कायम होण्याच्या यादीत आपली आडनावे इतकी खाली का असतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच लक्षात ठेवू की ज्यांच्याकडे शिल्लक सगळ्यात कमी, त्यांचेच काम सगळ्यात आधी गेले आहे.

शरीरात काय होते

पहिली जाते ती झोप. वर्षानुवर्षे तीन शिफ्टमध्ये काम केलेल्या माणसाच्या झोपेची घडी आधीच विस्कटलेली असते. काम सुटल्यावर तो रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहतो आणि सकाळी दहाला उठतो. दिवसा डुलक्या, रात्री डोक्यात हिशेब. आठवड्यातून चार-पाच रात्री अशा जाऊ लागल्या की चिडचिड वाढते, बीपी वाढतो, साखर असलेल्याची साखर वर जाते. यावर औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी मागून घेऊ नका. उठायची वेळ मात्र ठरवून टाका. रात्री झोप लागो न लागो, सकाळी सहा म्हणजे सहा. दिवसा अंग टाकायचे तर अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. पंधरा दिवसांत घडी बरीचशी बसते.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे आणि ती घराघरात होते. पैसे कमी पडले की खर्च कुठे कापायचा? भाडे कापता येत नाही, मुलांची फी कापता येत नाही, मग गोळ्या कापल्या जातात. बीपीची गोळी एक दिवसाआड. साखरेची गोळी दोनाची एक. ‘आता तर बरं वाटतंय’ म्हणून बंदच. बीपी वाढलेला असताना माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. जाणवते ते एकदम, तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, छातीत कळ येते. फिटची गोळी अचानक बंद केली तर पुन्हा फिट येऊ शकते, आणि ती चुलीपाशी किंवा रस्त्यावरही येऊ शकते. टीबीचे औषध मध्येच सोडले तर नेहमीच्या औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकतो, आणि एका खोलीत पाच माणसे राहत असतील तर तो पाचांचा प्रश्न होतो. टीबीचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा पैसे रुग्णाच्या बँक खात्यात येतात. येत नसतील तर दवाखान्यात खाते क्रमांक नोंदला आहे का, ते विचारा.

गोळ्या कापायचे खरे कारण पुष्कळदा वेगळेच असते. माणूस समजतो की कंपनी गेली म्हणजे ईएसआय गेले. तो ईएसआयच्या दवाखान्यात जायचे सोडतो, बाहेरच्या दुकानातून गोळ्या घेतो, त्या परवडत नाहीत म्हणून बंद करतो. ही समजूत चुकीची आहे.

कार्ड अजून चालू असते

ईएसआयचा हिशेब असा आहे. वर्षाचे दोन भाग पाडलेले आहेत. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात तुमच्या पगारातून किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनपर्यंत तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचाराचा हक्क आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात ७८ दिवस भरले असतील, तर पुढच्या १ जुलै ते ३१ डिसेंबरपर्यंत.

उदाहरण घ्या. एक जण २०१८ च्या ऑक्टोबरच्या आधीपासून एका फोर्जिंग कंपनीत होता आणि २०१९ च्या ऑगस्टअखेर त्याला कमी केले. ऑक्टोबर ते मार्चची त्याची वर्गणी भरलेली आहे, म्हणून डिसेंबर २०१९ पर्यंत कार्ड चालू. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत त्याचे ७८ दिवस सहज झाले, म्हणून जानेवारीपासून ३० जून २०२० पर्यंतही कार्ड चालू. काम सुटल्यावर दहा महिने! बायकोचे बाळंतपण, मुलाचा न्यूमोनिया, आईची साखर, सगळे यात येते. चिंचवडला मोहननगरचे ईएसआय हॉस्पिटल आहे, नाशिकला सातपूरचे, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याचे. जवळचा ईएसआय दवाखाना तर बहुतेकांना माहीत असतोच.

खिडकीवर कोणी ‘तुझी कंपनी बंद, कार्ड बंद’ म्हणाले तर परत फिरू नका. शांतपणे म्हणा, ‘साहेब, माझी एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी बघा.’ आपला विमा क्रमांक पाठ ठेवा. ईएसआयच्या वेबसाइटवर तो टाकून कोणत्या महिन्यात किती दिवस भरले ते दिसते. वस्तीतल्या कॉलेजच्या मुलाला हे पाच मिनिटांत जमेल.

इथे एक खोच आहे. काँट्रॅक्टर पगारातून पैसे कापतो आणि पुढे भरतच नाही, असे होते. कायद्याने काँट्रॅक्टरच्या माणसाची वर्गणी भरण्याची जबाबदारीही शेवटी मुख्य मालकावर, म्हणजे ज्या कारखान्यात तुम्ही काम केले त्याच्यावर आहे. त्यासाठी पगाराची स्लिप, गेटपास, हजेरी कार्डाचा फोटो, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद यांपैकी जे असेल ते जपून ठेवा आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या. नीम ट्रेनीला मात्र हे काहीच नव्हते. त्याला पगार नव्हे, स्टायपेंड मिळे, म्हणून ईएसआयही नव्हते आणि पीएफही नव्हता. काम तेच, मशीन तेच, शिफ्ट तीच. एखाद्या पोराला यात भरती करण्याआधी आईबापांनी हे विचारून घ्यायला हवे होते.

कामावर असताना ज्याचे बोट गेले, हात चेपला, त्याने तर नक्कीच गप्प बसू नये. अपघाताच्या बाबतीत ७८ दिवसांची अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. कायमचे अपंगत्व असेल तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवते आणि त्याप्रमाणे दरमहा पेन्शन मिळते. काम सुटले म्हणून ती थांबत नाही. पॉवर प्रेसवर बोट गेलेली कितीतरी माणसे ‘मालकाने दवाखान्याचा खर्च केला’ एवढ्यावर समाधान मानून बसलेली आहेत. अपघाताची नोंद ईएसआयकडे झाली होती का, हे आज तपासा. प्रेस शॉपमध्ये वर्षे काढलेल्या ज्यांना टीव्हीचा आवाज मोठा लागतो, समोरचा दोनदा विचारतो तेव्हा कळते, त्यांनी कार्ड चालू आहे तोवर कानाची तपासणी करून घ्यावी. आवाजाने आलेला बहिरेपणा हा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे.

ईएसआय ही कोणाची मेहेरबानी नाही, हे आपल्या घरात तरी नीट माहीत असावे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. त्याच काळात, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी प्रा. अडारकर यांना नेमण्यात आले. त्यांच्या अहवालावर हा विमा उभा आहे. १९४८ साली कायदा झाला. आजही १२ हजार पगारावर कामगाराचे महिन्याला ९० रुपये त्यात जातात. ते आपलेच पैसे आहेत. (जुलै २०१९ पासून ही वर्गणी कमी झाली. कामगाराची पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्क्यावर आली आणि मालकाची पावणेपाचवरून सव्वातीनवर. मालकाचा फायदा मोठा आहे, हे सांगायला नको.)

रोख मदतीच्या योजना दोन आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत २०१९ साली बेकार झालेल्याला सरासरी पगाराच्या २५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळत असे. पण त्यासाठी तेव्हा दोन वर्षांची नोकरी आणि लागोपाठ चारही सहामाहीत ७८-७८ दिवसांची वर्गणी लागे. सात महिन्यांनी ब्रेक मिळणारा यात कसा बसणार होता? राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना जास्त चांगली आहे, तिच्यात दोन वर्षांपर्यंत भत्ता आणि उपचार आहेत. पण ती कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली तर लागू होते. ‘उद्यापासून येऊ नको’ हा फोन कपातीत धरला जात नाही. म्हणजे बेकारांसाठीच्या योजना पहिल्यांदा बेकार होणाऱ्याला सोडूनच बनल्या आहेत. २० सप्टेंबर २०१९ ला सरकारने कंपन्यांचा प्राप्तिकर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. तो निर्णय एका दिवसात झाला. तरीही जुने, सलग नोकरी केलेले जे कोणी असतील त्यांनी दोन्ही अर्ज जरूर करावेत. २०१९ साली पीएफचे ७५ टक्के पैसे एक महिना बेकार राहिल्यावर काढता येत. ते काढलेच तर आधी औषध, धान्य आणि भाडे, बाकी सगळे नंतर.

ज्यांचे कार्ड खरोखर संपले आहे, त्यांनी पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड बाहेर काढावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाची ठरावीक ऑपरेशने आणि उपचार फुकट होतात. बीपी आणि साखरेच्या साध्या गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यात मिळतात.

दारू आणि मन

पंचशील घेतलेल्या घरातही दारू आहे, हे नाकारून उपयोग नाही. मंदीत काहींची वाढते. पण एक धोका फारसा कोणी सांगत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याचे पैसे संपले की दारू अचानक सुटते. घरच्यांना आनंद होतो. पहिल्याच दिवशी हात थरथरू लागतात, घाम सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, तो बडबडू लागतो, भिंतीवर नसलेली माणसे-प्राणी पाहतो. वस्तीत याला बाहेरचे झाले म्हणून मांत्रिकाकडे नेतात, लिंबू उतरवतात. हा मेंदूचा आजार आहे आणि यात जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करा, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या आणि ‘रोज पीत होता, परवापासून बंद आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि जो गप्प होतो त्याच्याकडे लक्ष द्या. जेवण कमी झाले, मित्र टाळतो, ‘मी नसतो तर विम्याचे पैसे तरी मिळाले असते’ असे बोलतो, आपल्या वस्तू देऊन टाकतो, तर ते बोलणे थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, ‘दादा, जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत. उलट माणूस बोलतो. त्याला एकटे सोडू नका, घरातले उंदीर मारायचे औषध वगैरे हलवा, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. फोनवर सल्ला हवा असेल तर १०४ या क्रमांकावर आरोग्य सल्ला फुकट मिळतो.

जो राग मालकावर काढता येत नाही तो बायकोवर निघतो, हेही मंदीचेच दुखणे आहे. पण दुखणे म्हणून ते माफ होत नाही. मार खाणाऱ्या ताईने महिला मंडळाला सांगावे आणि मंडळाने त्याच रात्री दार वाजवावे.

ताट

कमी झालेल्या ताटात शेवटचे ताट बाईचे असते. नवऱ्याचे काम गेले की ती धुण्याभांड्याची दोन घरे वाढवते आणि स्वतःचे जेवण कमी करते. सगळ्यांना वाढून उरले तर खायचे, नाहीतर चहा-बटर. तीन महिन्यांत चक्कर, धाप, पायांत गोळे. नवरा घरी आहे, तर एक गोष्ट लगेच बदलता येते. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचे, भांडी सगळ्यांसमोर. मटकी, चवळी, हरभरा भिजवून मोड आणा, रेशनच्या तांदळाबरोबर डाळ शिजवा, जमेल तेव्हा अंडे, सुकट, शेंगदाणे-गूळ. पाच रुपयांचा कुरकुऱ्याचा पुडा आणि पाच रुपयांचे शेंगदाणे यांत काय घ्यायचे हे मुलांना दुकानासमोर नव्हे, घरी समजवा. भूक मारायला तंबाखू-गुटखा वाढतो, त्याकडे नजर ठेवा.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातल्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. तथागतांची देशना ऐकायला निघायच्या वेळी त्याचा बैल हरवला. तो शोधत शोधत उपाशीपोटी, उशिरा पोहोचला. तोवर तथागत थांबून राहिले होते. तो आल्यावर त्यांनी आधी त्याला जेवायला वाढायला सांगितले आणि मगच धम्म सांगितला. भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भूक हा सगळ्यात मोठा आजार आहे, असे त्यांनी समजावले. रविवारच्या वंदनेनंतर विहारात कोणाच्या घरी चूल पेटली नाही याची विचारपूस झाली, तर ती वंदनेच्या बाहेरची गोष्ट ठरत नाही. विचारपूस सगळ्यांसमोर नको. कामाचे नाव काढले की मान खाली जाते हे वर आलेच आहे. दोन जाणत्या माणसांनी घरी जाऊन विचारावे.

विहारात महिन्यातून एक रविवार असाही ठेवता येईल. एक टेबल, एक बीपीचे मशीन, वस्तीतली कोणी नर्स किंवा आशाताई, आणि मोबाइलवर ईएसआयची वर्गणी तपासून देणारा एक मुलगा. ज्याचे कार्ड चालू आहे त्याच्या कार्डाची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या हातात द्यायची. ज्याचा बीपी वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे आहे, त्याला थोडा वेळ बसवून पुन्हा मोजायचा आणि तरी तसाच असेल तर त्या आठवड्यात दवाखान्यात पाठवायचे. १८० किंवा ११० च्या पुढे असेल तर त्याच दिवशी.

येताना हे सोबत आणा: ईएसआयचे कार्ड किंवा विमा क्रमांक, आधार, रेशनकार्ड, शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा किंवा पासबुक, अपघात झाला असेल तर त्या वेळचे दवाखान्याचे कागद, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाने. पाने रिकामी असली तरी आणा, त्यावरचे नाव लागते. कागदांचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि जिथे पत्रा गळत नाही त्या बाजूला ठेवा.